दोन योसेफ आणि एक करवत

गेल्या हिवाळ्यात एका दहा वर्षांच्या मुलीने मला करवतीचं पातं कसं बसवायचं ते शिकवलं.

मंडळी, मी यंत्र अभियंता आहे. चार वर्षं नॉटिंगहॅममध्ये घासून डॉक्टरेट मिळवली, आणि आता इथेच एका संशोधन विभागात धातूंच्या थकव्यावर काम करतो (धातूही थकतात, बरं का, फक्त कुरकुर करत नाहीत). इथे शास्त्रज्ञ-अभियंत्यांनी आसपासच्या शाळांत जाऊन मुलांबरोबर काही वेळ घालवावा अशी एक स्वयंसेवकांची योजना आहे. पोलिसी नोंदी तपासून घेण्याचे सोपस्कार उरकले की शाळा तुम्हाला वर्गात घेते. माझ्या वाट्याला आली ती चर्चची प्राथमिक शाळा. लाल विटांची व्हिक्टोरियन इमारत, शेजारी चर्च, मध्ये कमरेएवढी भिंत. विषय होता 'डिझाइन अँड टेक्नॉलॉजी', म्हणजे शाळेच्या बोलीत 'डीटी'.

त्या दिवशी मुलं हलणारी खेळणी बनवत होती. खोक्यात एक लाकडी काडी आडवी, तिच्यावर बसवलेली कॅम नावाची लंबगोल चकती, चकतीवर टेकलेली दुसरी उभी काडी, आणि तिच्या टोकाला कागदाचा बेडूक. मूठ फिरवली की बेडूक वरखाली. बाईंनी मला करवतींची पाती बदलायला दिली. मी ती झोकात बसवली. दोन मिनिटांनी ती मुलगी आली आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाली, "तुम्ही उलटं बसवलंय. दाते पुढे तोंड करून हवेत. आपण ढकलताना कापतो ना."

बरोबर होतं तिचं. मी कान पकडले. मग तिने विचारलं, "तुम्हाला करवत चालवायला कुणी शिकवलं नाही का?"

आता काय सांगणार? माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात सुतार होते. तिफणी, बैलगाडीची चाकं, दारं, पाळणे, तिरड्यांचे बांबू सोडून लाकडाचं सगळं. आणि त्यांच्या नातवाला करवत येत नव्हती. हे मी तिला मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं. ती क्षणभर विचार करून म्हणाली, "म्हणजे तुमचे आजोबा येशूच्या बाबांसारखे होते."

चर्चची शाळा. तिथे योसेफ सुतार होता हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. तिला त्यात काहीच विशेष वाटलं नाही, ती आपला बेडूक घेऊन निघून गेली. मी मात्र तिथेच उभा राहिलो, कारण माझ्या वडिलांनी मला आजोबांच्या हत्यारांना हात लावू दिला नव्हता, आणि का, ते आमच्या घरात सगळ्यांना न सांगता कळत होतं. ते जिल्हा परिषदेत कारकून झाले होते. मी साहेब व्हायचं होतं. रंध्याला हात लावला की "तेच करायचंय का जन्मभर?" हे ठरलेलं वाक्य यायचं.

घरी आल्यावर मी वाचायला बसलो. चर्चच्या शाळेत करवत आली कशी, आणि आमच्याकडे ती शाळेबाहेर राहिली कशी, एवढाच प्रश्न होता. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

सुरुवात करू मद्रासपासून. हो, मद्रासच.

अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री १७८७ मध्ये मद्रासला आला आणि १७८९ पासून एग्मोरच्या अनाथ मुलग्यांच्या आश्रमाचा कारभार बघू लागला. मुलं होती ब्रिटिश सैनिकांची, आया बहुतेक भारतीय. शिक्षक अपुरे आणि आळशी. एकदा त्याने एका मलबारी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना बघितली. आपल्याकडची धूळपाटीच की ती! पंतोजींच्या शाळेतली धुळाक्षरं. बेलने ती उचलली, आणि त्याला जोड दिली थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवण्याच्या पद्धतीची. पाटी नको, कागद नको, पगारी मास्तरही फारसे नकोत. १७९७ मध्ये त्याने लंडनमध्ये यावर पुस्तिका छापली, आणि इंग्रज लोक तिला 'मद्रास पद्धत' म्हणू लागले. जोसेफ लँकेस्टर नावाच्या क्वेकर गृहस्थाने लंडनमध्ये जवळपास तसंच काही स्वतंत्रपणे चालवलं होतं, त्यामुळे आधी कोण यावर दोघांच्या चाहत्यांत पुढे रग्गड भांडणं झाली. ते सोडून देऊ.

१८११ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या मंडळींनी 'नॅशनल सोसायटी' काढली: गरिबांच्या मुलांना चर्चच्या तत्त्वांनुसार शिक्षण देण्यासाठी. पद्धत बेलची. पुढच्या काही दशकांत इंग्लंडभर गावोगाव 'नॅशनल स्कूल' उभी राहिली. आजही इंग्लंडमधल्या सरकारी खर्चाने चालणाऱ्या प्राथमिक शाळांपैकी सुमारे चौथा हिस्सा चर्च ऑफ इंग्लंडच्या आहेत, त्याचं मूळ इथे आहे. आपल्याकडे 'कॉन्व्हेंट' म्हटलं की फी, टाय आणि इंग्रजी डोळ्यांपुढे येतं, तसं इथे अजिबात नाही. ही गल्लीतली फुकट शाळा असते. १९४४ च्या कायद्याने सरकार आणि चर्च यांच्यात वाटणी झाली, काही शाळांत चर्चचा हात जास्त, काहींत कमी. आमच्या शाळेत शीख, मुसलमान, पोलिश, जमैकन, सगळ्या घरची पोरं आहेत आणि ख्रिसमसच्या नाटकात मेंढपाळ व्हायला सगळीच तयार असतात.

पण १८११ हे साल नॉटिंगहॅममध्ये सांगितलं तर कुणाला नॅशनल सोसायटी आठवणार नाही. आठवतील लडाइट. त्या वर्षी मार्चमध्ये शहराजवळच्या अर्नोल्ड गावात मोजे विणणाऱ्यांनी मालकांचे माग फोडले, आणि ते लोण पसरत गेलं. आपण 'लडाइट' हा शब्द यंत्राला भिणाऱ्या अडाण्यासाठी वापरतो, पण ही माणसं यंत्रं चालवूनच पोट भरत होती. त्यांचा राग मजुरी पाडण्यावर आणि हलका माल काढण्यावर होता. सरकारने १८१२ मध्ये माग फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवली. लॉर्ड बायरन, ज्याचं घराणं जवळच्याच न्यूस्टेडचं, त्याने लॉर्ड्सच्या सभागृहातलं आपलं पहिलं भाषण या कायद्याविरुद्ध केलं. कायदा झालाच.

गंमत म्हणजे तो मोज्यांचा माग एका पाद्र्यानेच बनवला, असं इथे परंपरेने सांगतात. विल्यम ली, नॉटिंगहॅमच्या उत्तरेला असलेल्या कॅल्व्हर्टन गावचा. साल १५८९. त्याची प्रेयसी सारखी विणतच बसायची, त्याच्याकडे बघायची नाही, म्हणून त्याने चिडून यंत्र बनवलं अशी दंतकथा आहे. खरी असो नसो, मला आवडते. बऱ्याच शोधांमागे अशीच काहीतरी चिडचिड असावी.

एकाच वर्षी एकीकडे गरिबांचे हात यंत्रं फोडत होते आणि दुसरीकडे गरिबांच्या मुलांसाठी चर्चची संस्था निघत होती. एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध जोडणं चूक होईल. पण भीती दोन्हीकडे तीच होती: या लोकांचं करायचं काय? बेल स्वतः सुरुवातीला म्हणत असे की गरिबांच्या मुलांना खर्चिक शिक्षण द्यायची कल्पना नाही, सगळ्यांना लिहिणं-हिशेब शिकवलाच पाहिजे असंही नाही. वाचता आलं, बायबल कळलं, हात कामाला लागले, पुष्कळ झालं.

नॉटिंगहॅममध्ये मुलांचे हात शाळेआधीच कामाला लागलेले होते. मोज्यांच्या घरगुती मागावर पुरुष विणायचे, बायका शिवण घालायच्या आणि लहान पोरं सुताच्या गुंड्या भरून द्यायची. पुढे लेसचा धंदा आला. यंत्रावर निघालेली लेस सोडवणं, कातरणं, तिच्यावर सुईने नक्षी भरणं ही कामं घरोघरी बायका-मुलींकडे जात. १८४३ मध्ये मुलांच्या कामाची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचा अहवाल आला. पाच-सहा वर्षांच्या मुली दिव्याच्या उजेडात सुईकाम करत होत्या, आणि तान्ह्या बाळांनी कामात व्यत्यय आणू नये म्हणून आया त्यांना 'गॉडफ्रीज कॉर्डियल' नावाचं अफूमिश्रित औषध पाजत होत्या. आपल्याकडे शेतावर जाताना बाळाला अफूची बाळगोळी द्यायची पद्धत होतीच. माझ्या आजीने ती बघितली होती.

अशा मुलींना शिकवायचं कधी? एकाने रविवारी, दुसऱ्याने रात्री. १७९८ मध्ये नॉटिंगहॅममध्ये विल्यम सिंगलटन आणि सॅम्युएल फॉक्स या दोघांनी लेस आणि मोज्यांच्या धंद्यात राबणाऱ्या तरुण मुलींसाठी शाळा काढली. प्रौढांसाठी अशी ही इंग्लंडमधली पहिली मानली जाते. फॉक्स क्वेकर होता. बायबल वाचता यावं हा हेतू, पण लिहिणं आणि हिशेबही शिकवत. म्हणजे हाताने काम करणाऱ्यांना डोक्याचं काम शिकवणं, हा इथला पहिला प्रवाह.

दुसरा प्रवाह बरोबर उलटा: शाळेत आलेल्यांना हाताचं काम शिकवणं. त्याची सुरुवात करवतीने नाही, सुईने झाली. १८६२ मध्ये शाळांना अनुदान 'निकालानुसार' द्यायचा नियम आला. इन्स्पेक्टर येणार, मुलांची वाचन-लेखन-गणिताची परीक्षा घेणार, जितकी मुलं पास तितके पैसे. मुलींना साधं शिवणकाम यायलाच हवं. चर्चच्या शाळांत दुपारभर मुली टाके घालत बसायच्या. मुलगे तेवढा वेळ जास्तीचं गणित करायचे, हा भेद पुढे शंभर वर्षं पुरला. मुलग्यांना लाकूडकाम मिळायला १८९० चं दशक उजाडलं. स्वीडनमधल्या नेस गावी ऑटो सालोमनने 'स्लॉयड' म्हणून लाकूडकामाची शिकवण्याची पद्धत बसवली होती. सुतार बनवायचा नाही, माणूस घडवायचा, असं तो सांगे. ती कल्पना इंग्लंडमध्ये आली खरी, पण वर्गात पोचेपर्यंत तिचं रूप झालं: मुलग्यांना हातोडी, मुलींना कढई. आणि हुशार मुलांना लॅटिन.

नॉटिंगहॅमला ही फाळणी फार उघडी दिसते. १८४३ मध्ये इथे सरकारी 'स्कूल ऑफ डिझाइन' निघालं, कारण लेसच्या नक्षीत फ्रेंच पुढे जात होते. तिथे चित्र काढणारे शिकायचे. नक्षी विणणारे मात्र वेगळे. आणि १८५५ मध्ये टॉमस अ‍ॅडम्स या लेसच्या व्यापाऱ्याने स्टोनी स्ट्रीटवर प्रचंड वखार बांधली, ती आजही उभी आहे, तिथे आता कॉलेज भरतं. आत उजेड यावा म्हणून भल्यामोठ्या खिडक्या, आणि तळघरात प्रार्थनामंदिर. अ‍ॅडम्स भाविक होता. कामगारांचा दिवस तिथल्या प्रार्थनेने सुरू व्हायचा. मी एकदा त्या इमारतीसमोर उभा राहून वर बघत होतो, तेव्हा लक्षात आलं की त्या काळी या शहरात डिझाइन एका इमारतीत होतं, हात दुसऱ्या इमारतीत, आणि देव तिसरीच्या तळघरात.

हे तिन्ही एका वर्गात यायला जवळजवळ दीड शतक लागलं.

ते कसं आलं, यात नॉटिंगहॅमचा आणि शेजारच्या लफबरोचा वाटा मोठा आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी लफबरोच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात 'प्रोजेक्ट टेक्नॉलॉजी' नावाचा प्रयोग झाला. प्रमुख होते जेफ्री हॅरिसन. त्यांचं म्हणणं असं की शाळेतलं लाकूडकाम म्हणजे मास्तरांनी दाखवलेला स्टूल जसाच्या तसा तीस वेळा बनवणं. त्याऐवजी मुलांपुढे एखादी अडचण ठेवा आणि तोडगा त्यांना काढू द्या. पुढे हॅरिसन नॉटिंगहॅमच्या ट्रेंट पॉलिटेक्निकमध्ये आले आणि १९७० च्या दशकात तिथे शालेय तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र चाललं. (ते पॉलिटेक्निक म्हणजे आताचं नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठ. जुनं स्कूल ऑफ डिझाइनही त्याच्यातच विलीन झालेलं.) १९८८ च्या शिक्षण कायद्याने देशाला एकच अभ्यासक्रम आणला. मार्गारेट पार्क्स यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने १९८९ मध्ये अहवाल दिला, आणि १९९० पासून डीटी हा पाच वर्षांच्या मुलांपासून सगळ्यांना सक्तीचा विषय झाला. मुलगा असो, मुलगी असो, चर्चची शाळा असो की नगरपालिकेची. विषय इतक्या लहान वयापासून सगळ्यांना सक्तीचा करणाऱ्या पहिल्या देशांत इंग्लंड होता.

त्या पहिल्या अभ्यासक्रमाची चार पावलं होती: गरज ओळखा, कल्पना मांडा, योजना करून बनवा, आणि मग आपण काय केलं ते तपासा. शाळांत धांदल उडाली. प्राथमिकच्या बाईंना करवत माहीत नाही, आणि त्यांना सांगितलंय की सहा वर्षांच्या मुलाने 'गरज' ओळखावी. १९९२ मध्ये तर इंजिनिअरिंग कौन्सिलसाठी झालेल्या एका पाहणीने या विषयाचे वाभाडे काढले: सगळं मोघम, कुणी खोक्याला रंग लावला तरी तंत्रज्ञान! मग १९९५ मध्ये सगळं सोपं केलं. १९९८ मध्ये सरकारने भाषा-गणितावर भर देताना प्राथमिक शाळांना बाकीच्या विषयांत दोन वर्षं सूट दिली, तेव्हा कितीतरी शाळांतल्या करवती कपाटात गेल्या.

पण त्याच वर्षी एक कामाची गोष्ट झाली. अभ्यासक्रम मंडळाने प्राथमिक शिक्षकांसाठी डीटीचे तयार पाठ छापले. त्यांची नुसती यादी वाचली तरी मजा वाटते: दुसरीला वाहनं आणि कळसूत्री बाहुल्या, तिसरीला सँडविच आणि फोटोची चौकट, चौथीला पैशाची पिशवी आणि बॅटरीचा दिवा, पाचवीला वाद्यं, पाव आणि हलणारी खेळणी, सहावीला सपाता. आणि दुसरीच्याच यादीत एक पाठ: 'योसेफाचा अंगरखा'.

हा दुसरा योसेफ. जुन्या करारातला, याकोबाचा लाडका मुलगा, ज्याला बापाने झगझगीत झगा शिवून दिला आणि भावांनी जळून त्याला विकलं. सरकारी अभ्यासक्रम मंडळाने सहा-सात वर्षांच्या मुलांना कापड कापणं, जोडणं आणि कागदी नमुना काढणं शिकवायला ही गोष्ट वापरली होती. आमच्या शाळेतल्या एक निवृत्तीला आलेल्या बाई सांगत होत्या की चर्चच्या शाळेला हा पाठ म्हणजे लॉटरीच. एकाच झग्यात धर्माचा तास, डीटीचा तास आणि शाळेच्या नाटकाचा पोशाख, तिन्ही उरकायचे. वर्गातला मुलगा आणि वर्गातली मुलगी दोघंही सुई घेऊन बसायचे. १८६२ साली जी सुई फक्त मुलींची होती, तीच. २०१४ पासून नवा अभ्यासक्रम आला, ते जुने पाठ अधिकृतपणे गेले. शाळेत अजून पिवळ्या पडलेल्या फायलीत ते आहेत आणि बाई ते वापरतात. कुणी विचारत नाही.

आताच्या अभ्यासक्रमात प्राथमिकच्या मुलांनी चाकं-आस, तरफा, सरकपट्ट्या, वरच्या वर्गांत दंतचक्रं, कप्पी, कॅम, साधी विद्युतमंडलं, आणि स्वयंपाक करायचा आहे. कागदावर सगळं आहे. वेळ मात्र आठवड्याला एक दुपार मिळाली तरी नशीब. माध्यमिकमध्ये तर हाल आहेत. २००४ पासून चौदा वर्षांनंतर विषय ऐच्छिक झाला, २०१० नंतर शाळांच्या गुणवत्तेच्या नव्या मोजमापात त्याला जागा मिळाली नाही, आणि दहावीच्या पातळीच्या परीक्षेला डीटी घेणारी मुलं निम्म्याहूनही कमी उरली. तेव्हा इंग्लंडने प्रश्न सोडवला आणि आपण मागे, असा सरळ निष्कर्ष काढायच्या भानगडीत मी पडत नाही.

आपल्याकडे काय झालं? आपल्याकडे तर मूळ विचार जास्त धाडसी होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षणात शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान मागितलं होतं, मोडी-बाळबोध आणि हिशेबाबरोबर. नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकातच हस्तव्यवसायाची शाळा उभी केली, सर दिनशा पेटिटांच्या नावाची. त्याच मिशनमधल्या डी. सी. चर्चिल नावाच्या गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नगरमध्ये सुधारित हातमाग बनवला. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या मुली विणकाम करत, छापखाना चालवत. रमाबाईंचं मराठी बायबल त्या मुलींनी जुळवलेल्या खिळ्यांतून उतरलं. खिळे जुळवायला अक्षर लागतं, म्हणजे हात आणि डोकं वेगळं करायची सोयच नाही. नंतर ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद भरली आणि गांधीजींनी नई तालीम मांडली: सूतकताई किंवा सुतारकाम हा शाळेतला एक तास नको, त्याच्याभोवतीच गणित, भूगोल, भाषा शिकवा.

मग ते सगळं कुठे गेलं? कोठारी आयोगाने १९६६ मध्ये 'कार्यानुभव' सुचवला आणि आपण तो खरोखर आणलाही. तुम्ही शाळेत केलाच असेल. आगकाड्यांचं घर, आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड, लोकरीचं तोरण. माझ्या शाळेत तर परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात पंचवीस रुपयांना तयार वस्तू मिळायची. वडिलांनी मला एक ताजमहाल आणून दिला. वीसपैकी अठरा गुण. घरात पाच पावलांवर आजोबा बसलेले, ज्यांनी त्याच दिवशी कुणाच्या तरी तिफणीचं फण तासून दिलं होतं. त्यांनी ताजमहाल हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "डिंक जास्त झालाय." बस्स.

वडिलांना दोष देणं सोपं आहे, पण मला ते जमत नाही. इंग्रज मुलीला येशूचे बाबा सुतार असणं ही एक माहिती होती. आमच्या गावात सुतार असणं म्हणजे पंगतीत तुमचं पान कुठे मांडायचं ते ठरलेलं असणं, वर्षाच्या बलुत्यासाठी खळ्यावर जाऊन उभं राहणं, आणि पाटलाच्या पोराने आजोबांना अरे-तुरे करणं. करवत ही नुसती करवत नव्हती. वर्ध्याच्या योजनेलाही हाच अडसर आला असावा असं मला वाटतं. ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या हत्यार होतं, त्यांना शाळेत तरी ते नको होतं. आणि ज्यांच्या हातात कधीच नव्हतं, त्यांना ते कशाला हवं असणार? इंग्लंडमध्येही कामगारांच्या आयांनी लॅटिनचीच स्वप्नं बघितली. फरक एवढाच की तिथे हातोडी वर्गाला चिकटली होती, आमच्याकडे जन्माला.

तरी प्रयत्न करणारे होते, आहेत. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्री. शं. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. स्वतः शास्त्रज्ञ, चांगली नोकरी सोडून खेड्यात आले. तिथे शाळेची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती शिकतात आणि गावाला लागणारी खरी कामं करतात. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रम चालू आहे. आणि मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात इंग्लंडसारखं डीटी आपल्या शाळांत चालेल का ते करूनच बघितलं. इंग्रजी शाळा, शहरातली मराठी शाळा, आदिवासी भागातली मराठी शाळा. मुलांनी पिशवी बनवली, पवनचक्कीचं चालतं मॉडेल बनवलं, बाहुल्या बनवल्या. आधी चित्र काढायचं, मग मापं, मग बनवायचं, मग दुसऱ्या गटाचं तपासायचं. त्यांचे निबंध वाचताना मला आमच्या वर्गातला बेडूक दिसत होता.

त्या बेडकाचं पुढे काय झालं ते राहिलंच. त्या मुलीने लंबगोल चकती बदलून गोगलगाईच्या शंखासारखी केली, म्हणजे बेडूक हळूहळू चढेल आणि एकदम पडेल. उत्तम कल्पना. पण अशी चकती एकाच दिशेने फिरते, उलटी फिरवली की अडते. वर्गातल्या एकाने नेमकी उलटी फिरवली आणि काडी मोडली. मला वाटलं आता रडारड. तिने नवी काडी कापली (दाते पुढे तोंड करून), खोक्यावर मुठीशेजारी एक ठसठशीत बाण काढला, आणि वहीत 'मी काय बदललं' या रकान्यात लिहिलं की वापरणाऱ्याला माहीत नसतं, हे मला माहीत नव्हतं. मी ज्या विभागात काम करतो तिथल्या अर्ध्या बैठका या एका वाक्यावर संपल्या असत्या.

रविवारी वडिलांना फोन केला. आजोबांची हत्यारं कुठे आहेत विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "रंधा आणि पटाश्या भंगारात गेल्या. करवत आहे माळ्यावर. का रे?" मी म्हटलं, काढून ठेवा, येताना घेऊन येईन. "विमानात नेऊ देतील?" सामानात टाकू म्हटलं. "बरं," म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. वर्तमानपत्रावर ठेवलेली करवत, मुठीला आजोबांच्या हाताचा घासून पडलेला खळगा. मी फोटो मोठा करून बघितला. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या करवतीत असतात तसे तिचे दाते मुठीकडे तोंड करून होते. आजोबा जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून, करवत स्वतःकडे ओढून कापायचे. मी लहानपणी उंबऱ्यावर बसून तेच बघत असे.

सोमवारी तो फोटो मी शाळेत नेला. ती म्हणाली, "मग तुम्ही चुकला नव्हतात. तुम्ही तुमच्या आजोबांसारखं बसवलं होतं." आणि मग तिला स्वतःकडे ओढून कापून बघायचं होतं, पण बाईंनी सुरक्षेच्या नियमांमुळे नको म्हटलं.